बर्फाची जाडी आणि एक जुने कोष्टक

पाण्याने भरलेल्या पेल्यात बर्फाचा खडा सोडला तर त्याचा थोडासा भाग वर दिसतो आणि उरलेला पाण्याखाली राहतो, हे आपल्या विद्यालयातील पाचवीचा विद्यार्थीही सांगू शकेल. वरच्या वर्गात गेल्यावर तो आर्किमिडीजचे तत्त्व शिकतो आणि किती भाग वर राहील व किती खाली, याचे गणित मांडू लागतो. पृथ्वीच्या उत्तर टोकाशी असलेल्या आर्क्टिक महासागरावरील बर्फ किती जाड आहे, हा आजच्या विज्ञानापुढील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधणारे शास्त्रज्ञ विमाने, रडार आणि उपग्रह वापरतात. परंतु अखेरीस तेही याच शालेय गणितापाशी येऊन थांबतात.

या गणितात एक आकडा असा होता की, तो दरवर्षी नव्याने मोजला जात नसे. तो एका जुन्या कोष्टकातून घेतला जाई. ते कोष्टक प्रामाणिक माणसांनी अपार कष्टाने तयार केले होते आणि आपल्या काळी ते खरेही होते. तरीही पुढे ते चुकीचे ठरले. ते कसे चुकले आणि चुकल्याचे कसे कळले, याची हकीकत प्रस्तुत लेखात सांगावयाची आहे.

विस्तार आणि जाडी

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करू. आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत थराला या लेखात ‘हिम’ म्हटले आहे आणि पाणी गोठून तयार होणाऱ्या घट्ट थराला ‘बर्फ’. समुद्राचे खारे पाणी शून्याखाली सुमारे १.८ अंश सेल्सिअसला गोठते आणि त्याचा जो थर पाण्यावर तरंगत राहतो, तो सागरी बर्फ होय. हिमनग निराळे, ते जमिनीवरील हिमनद्यांचे तुटून समुद्रात आलेले कडे असतात. एका हिवाळ्यात तयार झालेला सागरी बर्फ सर्वसाधारणपणे दीड-दोन मीटर जाड होतो. उन्हाळ्यात न वितळता जो टिकतो, तो पुढील हिवाळ्यांत आणखी वाढून तीन-चार मीटरपर्यंत जातो. पहिल्याला प्रथमवर्षीय बर्फ आणि दुसऱ्याला बहुवर्षीय बर्फ म्हणतात.

आर्क्टिकमधील बर्फाचा विस्तार मार्च महिन्यात सर्वाधिक, म्हणजे सुमारे दीड कोटी चौरस किलोमीटर असतो आणि सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी. १९८०च्या दशकात सप्टेंबरमधील विस्तार सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर असे. २०१२च्या सप्टेंबरमध्ये तो सुमारे ३४ लाखांवर आला, म्हणजे जवळजवळ आपल्या भारत देशाच्या क्षेत्रफळाइतका उरला. हा विस्तार उपग्रहांच्या साहाय्याने १९७८च्या अखेरीपासून अखंडपणे नोंदविला जात आहे.

परंतु केवळ विस्तारावरून बर्फाची खरी स्थिती कळत नाही. दुष्काळी भागातील कोणत्याही शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. तलाव काठोकाठ पसरलेला दिसला तरी त्यात पाणी किती आहे, हे खोली कळल्याशिवाय सांगता येत नाही. तद्वतच बर्फाचे आहे. एक मीटर जाडीचा बर्फ आणि तीन मीटर जाडीचा बर्फ वरून सारखाच पांढरा दिसतो. पण पहिला एका उन्हाळ्यात नाहीसा होतो, दुसरा टिकतो. पुढील वर्षी काय होणार, हे जाडीवर अवलंबून असते.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ उत्तरेपुरते नाही. हिमाच्छादित बर्फ त्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक प्रकाश परत पाठवितो, तर मोकळा समुद्र ९० टक्क्यांहून अधिक प्रकाश शोषून घेतो. बर्फ नाहीसा झाला की समुद्र तापतो आणि तापलेला समुद्र आणखी बर्फ वितळवतो. सागरी बर्फ आधीच पाण्यावर तरंगत असल्यामुळे तो वितळल्याने समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. पातळी वाढते ती जमिनीवरील बर्फ वितळल्याने आणि तापलेले पाणी प्रसरण पावल्याने. सागरी बर्फाची हानी पृथ्वीच्या उष्णतेचा ताळेबंद बिघडविते, हे तिचे खरे गांभीर्य आहे.

छिद्रांपासून पाणबुडीपर्यंत

बर्फाची जाडी मोजण्याचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत विश्वसनीय मार्ग म्हणजे छिद्र पाडून त्यात मोजपट्टी सोडणे. नॉर्वेचे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ नावाचे जहाज मुद्दाम बर्फात अडकवून घेतले आणि बर्फाबरोबर वाहत जात अशी मोजमापे केली. परंतु एका छिद्राने एका ठिकाणची जाडी कळते. वाऱ्याने आणि प्रवाहाने बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढतात, त्यांचे उंचवटे बनतात. शंभर पावलांवर जाडी दुप्पट होऊ शकते. लाखो चौरस किलोमीटरांचा हिशेब मूठभर छिद्रांवरून लागत नाही.

यानंतर बर्फाकडे खालून पाहिले गेले. ३ ऑगस्ट १९५८ रोजी अमेरिकेची ‘नॉटिलस’ ही अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी बर्फाखालून उत्तर ध्रुवावर पोहोचली. अशा पाणबुड्या वरच्या दिशेने ध्वनिलहरी सोडून बर्फाचा पाण्याखालील भाग किती खोल आहे हे मोजत असत. या नोंदी लष्करी असल्यामुळे दीर्घकाळ गुप्त राहिल्या. शीतयुद्ध संपल्यावर त्यांतील काही शास्त्रज्ञांच्या हाती आल्या. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, महासागराच्या खोल भागात उन्हाळ्याच्या अखेरीस बर्फाचा पाण्याखालील भाग १९५८ ते १९७६ या काळात सरासरी ३.१ मीटर होता, तो १९९०च्या दशकात १.८ मीटर झाला होता. बर्फ केवळ आक्रसत नव्हता, तो पातळही होत होता. मात्र पाणबुड्या आपल्या लष्करी वाटांनी जात. सर्व महासागर दरवर्षी मोजणे त्यांना शक्य नव्हते. ते काम आकाशातूनच होऊ शकणार होते.

रडार बर्फाच्या आरपार का जात नाही?

येथे जाणकार वाचकाच्या मनात एक शंका येईल. अंटार्क्टिकावरील हिमचादरीची जाडी विमानातील रडारने कितीतरी वर्षांपूर्वी मोजली गेली आहे. रेडिओ लहरी तेथे तीन-चार किलोमीटर बर्फ भेदून तळाच्या खडकापर्यंत जातात आणि परत येतात. याच पद्धतीने सुमारे चार किलोमीटर बर्फाखाली दडलेल्या व्होस्टोक सरोवराच्या खुणा सापडल्या. मग दोन मीटर जाडीचा सागरी बर्फ भेदणे अवघड का व्हावे?

याचे उत्तर मिठात आहे. अंटार्क्टिकावरील हिमचादर हिमाचे थर दाबले जाऊन बनलेली आहे. तिचे पाणी गोडे. सागरी बर्फ खाऱ्या पाण्यापासून बनतो. पाणी गोठताना मीठ स्फटिकांत सामावत नाही. ते अतिखाऱ्या पाण्याच्या सूक्ष्म कप्प्यांच्या रूपाने बर्फात अडकून पडते. खारे पाणी विजेचे वाहक असते आणि रेडिओ लहरींची ऊर्जा शोषून घेते. त्यामुळे हिमचादर मोजणारी रडारची सरळ पद्धत सागरी बर्फावर निरुपयोगी ठरते.

याच वाहकतेचा उपयोग करणारी एक निराळी पद्धत आहे. हेलिकॉप्टर किंवा विमानाखाली दोराने एक लांबट उपकरण टांगून ते बर्फापासून दहा-वीस मीटर उंचीवरून नेतात. त्यातील तारेचे वेटोळे अतिशय कमी वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. खालच्या खाऱ्या समुद्रात त्यामुळे विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात आणि त्यांच्या बळावरून समुद्राचे पाणी उपकरणापासून किती दूर आहे हे कळते. लेसर किरणाने वरच्या पृष्ठभागाचे अंतर कळते. दोहोंतील फरक म्हणजे हिम आणि बर्फ यांची एकत्रित जाडी. सपाट बर्फावर ही पद्धत सुमारे दहा सेंटिमीटरपर्यंत अचूक असते. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेने ती दीर्घकाळ वापरली आहे. परंतु इतक्या खालून उडणाऱ्या विमानाला संपूर्ण महासागर पिंजून काढता येत नाही.

उंचीवरून जाडी

म्हणून आडमार्ग घ्यावा लागला. बर्फाचा तळ दिसत नसेल तर न दिसो. पाण्यावर आलेला भाग मोजावा आणि उरलेला गणिताने काढावा.

त्यासाठी समुद्राची पातळी माहीत हवी. बर्फाच्या विस्तारात ठिकठिकाणी भेगा पडतात आणि त्यांत मोकळे पाणी किंवा नुकताच धरलेला पातळ थर दिसतो. उपग्रहाच्या रडारची लहर अशा भेगेवर पडली की आरशावरून परतावी तशी तीव्र व स्पष्ट परत येते; खडबडीत बर्फावरून ती पसरून येते. या फरकावरून भेग कोणती आणि बर्फ कोणता हे ओळखता येते. भेगेतील पाण्याची उंची आणि शेजारच्या बर्फाची उंची यांतील फरक म्हणजे बर्फाची पाण्यावरील उंची. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील सेमोर लॅक्सन यांनी ही पद्धत विकसित केली आणि २००३ मध्ये सहकाऱ्यांसह युरोपीय उपग्रहांच्या नोंदींवरून आर्क्टिकच्या मोठ्या भागातील जाडीचे अनुमान प्रसिद्ध केले. याच कार्यासाठी बनविलेला ‘क्रायोसॅट’ हा उपग्रह ऑक्टोबर २००५ मध्ये प्रक्षेपण फसल्यामुळे नष्ट झाला. तो पुन्हा बांधण्यात आला आणि ‘क्रायोसॅट-२’ या नावाने ८ एप्रिल २०१० रोजी अवकाशात गेला. तो सुमारे ७२० किलोमीटर उंचीवरून भ्रमण करतो आणि तेथून त्याला सेंटिमीटरांत बोलावे लागते.

आता शाळेतील गणित. एक घनमीटर समुद्राच्या पाण्याचे वस्तुमान सुमारे १,०२४ किलोग्रॅम, प्रथमवर्षीय बर्फाचे सुमारे ९१७ आणि वाऱ्याने दाबून बसलेल्या हिमाचे सुमारे ३२० किलोग्रॅम धरू. पाणी आणि बर्फ यांतील फरक १०७. पाण्याच्या आकड्याला या १०७ ने भागले की साधारण साडेनऊ येतात आणि हिमाच्या आकड्याला भागले की तीन. यावरून नियम असा निघतो : बर्फाच्या पाण्यावरील उंचीची साडेनऊपट करावी, हिमाच्या जाडीची तिप्पट करावी आणि दोहोंची बेरीज घ्यावी, ती बर्फाची जाडी. हिमाची तिप्पट मिळविण्याचे कारण असे की, हिम आपल्या वजनाने बर्फाला खाली दाबते. दबूनही जो बर्फ तेवढाच वर राहिला, तो अधिक जाड असलाच पाहिजे.

समजा, बर्फ पाण्यावर १० सेंटिमीटर आहे आणि त्यावर २० सेंटिमीटर हिम आहे. दहाचे साडेनऊपट ९५, विसाचे तिप्पट ६०. जाडी १५५ सेंटिमीटर. गणित सोपे आहे. परंतु त्याचा अर्थ नीट पाहावा. उंची मोजताना एका सेंटिमीटरची चूक झाली तर जाडीत साडेनऊ सेंटिमीटरांची चूक होते. गणित चुकीला क्षमा करीत नाही. ते तिला मोठी करून परत देते.

ते जुने कोष्टक

उंची उपग्रह मोजत होता. हिमाची जाडी कोण मोजणार?

येथे ते कोष्टक येते. सोव्हिएत संघाने आर्क्टिकमधील तरंगत्या बर्फावर वसतिस्थाने उभारली होती. पहिले स्थानक १९३७ चे. त्यावर चार माणसे होती आणि बर्फाबरोबर वाहत जात त्यांनी नऊ महिने काढले. १९५० पासून १९९१ पर्यंत अशी अनेक स्थानके चालली. तेथील माणसे अंधाऱ्या हिवाळ्यात, हाडे गोठविणाऱ्या थंडीत, ठरलेल्या रेषेवरून चालत जात, हिमात काठी रोवून खोली पाहत आणि वहीत नोंद करीत. १९५४ ते १९९१ या काळातील या नोंदी संकलित करून अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन वॉरन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रत्येक महिन्याला कोणत्या भागात सरासरी किती हिम असते, याचे कोष्टक सिद्ध केले. संपूर्ण आर्क्टिकसाठी याहून चांगले काहीच उपलब्ध नव्हते. साहजिकच जाडी काढणारे सर्वजण हिमाचा आकडा येथूनच घेऊ लागले.

या कोष्टकात कोणाचीही लबाडी नव्हती. काठ्या नीट रोवल्या होत्या, वह्या नीट लिहिल्या होत्या. परंतु स्थानके उभारली होती जुन्या, जाड, बहुवर्षीय बर्फावर. माणसांना राहण्यासाठी तोच सुरक्षित होता. तो बर्फ शरद ऋतूतील पहिले हिम पडण्यापूर्वीपासून तेथे असे, म्हणून पडलेले सर्व हिम त्यावर साठे. पुढे आर्क्टिक बदलले. बहुवर्षीय बर्फाची जागा मोठ्या प्रमाणावर प्रथमवर्षीय बर्फाने घेतली. शरदात हिम पडते तेव्हा हा नवा बर्फ जन्मलेलाच नसतो. ते हिम थेट समुद्रात पडून नाहीसे होते. कोष्टक मात्र जुन्या बर्फावरचे हिम नव्या बर्फावर गृहीत धरीत राहिले.

याचा परिणाम कसा होतो ते पाहा. कोष्टक सांगते २० सेंटिमीटर, प्रत्यक्षात आहेत १०. रडार असलेल्या उपग्रहाने बर्फाची उंची १० सेंटिमीटर मोजली, तर कोष्टकानुसार जाडी १५५ येईल. खरी जाडी असेल १२५. बर्फ आहे त्याहून जाड वाटेल. लेसर असलेल्या उपग्रहाचे नेमके उलट होते. लेसर किरण हिमाच्या वरच्या पृष्ठभागावरूनच परततो, म्हणून तो हिमासह एकूण उंची मोजतो. ही उंची ३० सेंटिमीटर असेल आणि हिम २० धरले, तर बर्फाचे उरतात १० आणि जाडी १५५ येते. पण हिम खरोखर १० असेल तर बर्फाचे होतात २० आणि जाडी २२० निघते. येथे बर्फ आहे त्याहून पातळ वाटेल. एकच चुकीचा आकडा एका साधनाला एका दिशेने फसवतो आणि दुसऱ्याला विरुद्ध दिशेने. कोणते साधन खरे, हा वाद साधनांकडे पाहून मिटणारा नव्हता. कोणीतरी जाऊन हिम मोजणे आवश्यक होते.

विमानातील हिम-रडार

अमेरिकेच्या नासा या संस्थेचा ‘आइससॅट’ हा लेसर उपग्रह २००३ पासून कार्यरत होता. २००९ मध्ये त्याचे शेवटचे लेसर बंद पडले. पुढचा उपग्रह अवकाशात जाण्यास सप्टेंबर २०१८ उजाडला. मधली वर्षे रिकामी जाऊ नयेत म्हणून नासाने ‘आइसब्रिज’ ही विमानमोहीम चालविली. नावाचा अर्थ बर्फावरील पूल. मोठी चार इंजिनांची विमाने प्रामुख्याने मार्च-एप्रिलमध्ये ग्रीनलंड व अलास्का येथून उड्डाण करून सागरी बर्फावरून केवळ साडेचारशे-पावणेपाचशे मीटर उंचीवरून तासन् तास जात. विमानात लेसर उंचीमापक होते आणि त्याबरोबर कॅन्सस विद्यापीठात बांधलेले एक विशेष रडार होते. ते हिमासाठीच बनविलेले होते.

या रडारचे काम समजण्यासाठी एक कल्पना करू. कोणी एखादा सूर खालून वर अखंड चढवीत गात आहे आणि समोरच्या डोंगरावरून प्रतिध्वनी येत आहे. प्रतिध्वनी येईपर्यंत गाणाऱ्याचा सूर आणखी वर गेलेला असतो. म्हणून ऐकू येणारा सूर आणि या क्षणी गायला जाणारा सूर यांत अंतर पडते. डोंगर जितका दूर, तितके हे अंतर मोठे. हिम-रडार असाच चढता सूर रेडिओ लहरींत गाते. सुमारे २ गिगाहर्ट्झपासून ८ गिगाहर्ट्झपर्यंत. एक प्रतिध्वनी हिमाच्या वरच्या पृष्ठभागावरून येतो आणि दुसरा हिमाखालील बर्फावरून. दोघांच्या सुरांतील सूक्ष्म भेदावरून हिमाची जाडी कळते.

हा भेद किती सूक्ष्म? वीस सेंटिमीटर हिमातून जाऊन परत येण्यास लहरीला एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या दीडपटीहून थोडा अधिक वेळ लागतो. हिमात लहरीचा वेग हवेतल्यापेक्षा कमी होतो. तेही हिशेबात घ्यावे लागते. सूर जितका विस्तृत, तितके दोन प्रतिध्वनी वेगळे ओळखू येतात. सहा गिगाहर्ट्झ विस्ताराच्या सुराने तत्त्वतः अडीच सेंटिमीटर अंतरावरचे दोन पृष्ठभाग वेगळे दिसू शकतात. व्यवहारात मर्यादा याहून थोडी अधिक असते.

हे आकडेही आंधळेपणाने स्वीकारले गेले नाहीत. काही उड्डाणांच्या वेळी विमानाच्या मार्गाखाली माणसे प्रत्यक्ष बर्फावर उतरली आणि त्यांनी काठीने हिम मोजले. रडारचा आकडा काठीच्या आकड्याशी ताडून पाहिला. २०११च्या एप्रिलमध्ये नासाचे विमान आणि युरोपीय मोहिमेचे विमान यांनी क्रायोसॅट-२ च्या मार्गाखालून एकत्र उड्डाण केले. अशा रीतीने खाली काठी, मध्ये विमान आणि वर उपग्रह अशी तपासणीची साखळी उभी राहिली.

निष्कर्ष २०११ मध्येच पुढे आला. बहुवर्षीय बर्फावर जुने कोष्टक बरेचसे जुळत होते. प्रथमवर्षीय बर्फावर मात्र हिम कोष्टकाच्या सुमारे निम्मेच भरले. २०१३ मध्ये क्रायोसॅट-२ वरून काढलेले जाडीचे व घनफळाचे अनुमान प्रसिद्ध झाले, तेव्हा लॅक्सन आणि सहकाऱ्यांनी प्रथमवर्षीय बर्फासाठी कोष्टकातील आकडा निम्मा करून वापरला होता. लॅक्सन स्वतः त्याच वर्षीच्या जानेवारीत निवर्तले. २०१४ मधील आणखी एका अभ्यासाने दाखविले की, पश्चिम आर्क्टिकमध्ये वसंतातील हिमाची सरासरी जाडी जुन्या काळातील सुमारे ३५ सेंटिमीटरांवरून सुमारे २२ सेंटिमीटरांवर आली आहे.

शोध संपलेला नाही

एक गृहीत तपासले की दुसरे समोर येते. क्रायोसॅट-२ चे रडार सुमारे १३.६ गिगाहर्ट्झ वारंवारतेचे आहे आणि त्याची लहर कोरडे, थंड हिम भेदून बर्फाच्या पृष्ठभागावरूनच परतते, असे मानले जाते. परंतु हिम ओलसर किंवा उबदार झाले, त्यात कठीण थर बनले किंवा बर्फातील मीठ त्यात चढले, तर लहर मध्येच कोठेतरी परतते. मग बर्फ आहे त्याहून उंच भासतो आणि साडेनऊपटीचा नियम पुन्हा चूक वाढवतो.

या प्रश्नाच्या उकलीत भारताचाही हातभार आहे. भारतीय अवकाश संशोधन संस्था आणि फ्रान्सची अवकाश संस्था यांचा संयुक्त उपग्रह ‘सरल’ २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून सोडण्यात आला. त्याचा मुख्य उद्देश समुद्राची पातळी मोजणे हा होता. त्याच्या रडारची वारंवारता सुमारे ३६ गिगाहर्ट्झ असल्यामुळे त्याची लहर हिमात फार खोल न जाता वरच्या भागातूनच परतते. एकाच भागावरील सरल आणि क्रायोसॅट-२ यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की दोन उंचींतील फरकावरून हिमाच्या जाडीचा अंदाज बांधता येतो, हे संशोधकांनी दाखवून दिले. पुढे जुलै २०२० मध्ये क्रायोसॅट-२ ची कक्षा अशी बदलण्यात आली की, तो आणि नासाचा नवा लेसर उपग्रह आइससॅट-२ ठराविक काळाने एकाच बर्फावरून थोड्या वेळाच्या अंतराने जावेत. दोन्ही वारंवारतांची रडारे एकाच उपग्रहावर बसविण्याची ‘क्रिस्टल’ ही युरोपीय मोहीमही आकार घेत आहे.

आपल्या शेजारच्या गोव्यात, वास्को द गामा येथे, राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. स्वालबार्ड बेटांवरील ‘हिमाद्री’ हे २००८ मध्ये सुरू झालेले भारताचे आर्क्टिक संशोधन स्थानक हेच केंद्र चालविते. आर्क्टिकमधील बर्फ आणि आपला मान्सून यांच्या संभाव्य संबंधाचा अभ्यासही तेथे होतो. आपल्या विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी हे केंद्र आपल्या आवाक्याबाहेरचे मानू नये.

ज्यांच्या पायाखाली हा बर्फ आहे, त्यांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. कॅनडाच्या उत्तर किनाऱ्यावरील इन्युइट लोकांसाठी सागरी बर्फ हाच रस्ता आणि शिकारीचे क्षेत्र आहे. टोकदार भाल्याने टोचून, रंग पाहून आणि आवाज ऐकून बर्फ ओळखण्याची विद्या त्यांनी पिढ्यान्पिढ्या जोपासली आहे. आता बर्फ पूर्वीसारखा वागत नाही, म्हणून ‘स्मार्टआइस’ या उपक्रमात इन्युइट तरुण स्वतःच जाडी मोजणारे विद्युतचुंबकीय उपकरण घसरगाडीवर लादून फिरतात आणि कोठला मार्ग सुरक्षित आहे हे गावाला कळवितात. भाला टाकून दिलेला नाही; त्याच्या जोडीला उपकरण आले आहे. ज्यांचा जीव या जाडीवर अवलंबून आहे, त्यांच्याच हाती मोजण्याचे साधन असणे, हे मला या साऱ्या हकीकतीतील सर्वांत मोलाचे वाटते.

या आणि पाहा

अंगुत्तर निकायातील कालाम सुत्त आपल्या विद्यालयातील मुलांना परिचित आहे. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला आदरणीय गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नये. ती स्वतः तपासून पाहावी, असा त्या उपदेशाचा आशय आहे. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हटले जाते, म्हणजे ‘या आणि पाहा’ असे ज्याविषयी सांगता येते असा. हा उपदेश आपण बहुधा खोट्या गोष्टींच्या संदर्भात आठवतो. खोट्याला तपासावे, हे कोणालाही पटते.

जुन्या कोष्टकाची गोष्ट याहून अवघड आहे. ते खोटे नव्हते. ते कष्टाने, निष्ठेने आणि प्रत्यक्ष मोजून केलेले होते. बर्फ बदलला, आणि खरी नोंद नव्या बर्फाला लागू पडेनाशी झाली. अनित्यतेचा सिद्धांत आपण वंदनेच्या वेळी ऐकतो; येथे तो सेंटिमीटरांत दिसतो. अशा वेळी जुन्या नोंदीचा आदर कसा करावा? तरंगत्या बर्फावर काठी रोवीत हिंडलेल्या त्या माणसांचा खरा सन्मान त्यांचे आकडे जपून ठेवण्याने झाला नाही. त्यांनी जे केले तेच पुन्हा करण्याने, म्हणजे बर्फावर जाऊन नव्याने मोजण्याने तो झाला. त्यांचे कोष्टक नसते तर हिम निम्म्यावर आले आहे, हेही कळले नसते. तुलना करण्यास काहीच उरले नसते.

आपल्या मुलांना आपण पुष्कळ कोष्टके देतो. शाळेत आणि घरीही. ती प्रामाणिकपणे दिलेली असतात. त्यांबरोबर मोजण्याची काठीही त्यांच्या हाती द्यावी आणि आपले आकडे त्यांनी तपासले तर रागावू नये, एवढीच या निमित्ताने पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना विनंती.